त्याचा काही दोष नव्हता

(पुण्यातील महिलांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या सॉफ्टवेअर अभियंता आहेत. त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.)



मला दिलेला विषय आहे 'समलैंगिकता आणि मुस्लीम समाज'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी आलिमा नाही, वकील नाही, कार्यकर्ती तर नाहीच. मी इंजिनीअर आहे. विमा कंपन्यांच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. तेव्हा समाजाचं तुम्ही बघा, मी माझ्यापुरतं बोलते. मी छत्तीस वर्षांची आहे, मुस्लीम आहे, नऊ वर्षांच्या मुलीची आई आहे आणि लेस्बियन आहे. हे चार शब्द एका दमात म्हणायला मला बत्तिसावं वर्ष ओलांडावं लागलं.

हे निमंत्रण देताना आपल्या एका ताईंनी फोनवर सांगितलं, "तुम्ही सोसलेलं सगळं मोकळेपणानं सांगा." त्यांचा हेतू चांगला होता. पण फोन ठेवल्यावर मी यादी करायला बसले, तेव्हा लक्षात आलं की सोसलेलं सांगायला मला पंधरा मिनिटं पुरतील. आज सांगण्यासारखं खरं म्हणजे दुसरंच आहे. मी आनंदात आहे. आणि आपल्या व्यासपीठावर हे सांगायला मला जास्त भीती वाटते.

का, ते सांगते.

मी मिरजेची. अब्बा तंतुवाद्यांच्या कारखान्यात कामाला होते, सतार-तंबोऱ्यांची जवारी काढायचे. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू-अरबी. तीन-चार भाषा येत होत्या, पण मी जी आहे तिच्यासाठी त्यातल्या एकाही भाषेत शब्द नव्हता. म्हणजे शिवी होती. शब्द नव्हता.

मी नऊ वर्षांची असताना, १९९८ च्या डिसेंबरात, 'फायर' चित्रपटावरून मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली. पेपरात फोटो आला होता. मी चुलत्यांना विचारलं, "सिनेमात काय आहे?" ते म्हणाले, "गंदी चीज है, अपने में नै होता ऐसा." गंमत बघा, थिएटर फोडणारेही हेच म्हणत होते की हे आमच्या संस्कृतीत नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन समाज या एका वाक्यावर एक होते.

आपल्यात नसतं म्हणावं, तर इस्मत चुगताईंनी 'लिहाफ' १९४२ मध्ये लिहिली. तिच्यावर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला आणि त्या सुटल्या. मराठीत विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. ही दोन्ही मी फार उशिरा, तिशीनंतर वाचली. मोठ्या लेखकांबद्दल बोलतेय, समजून घ्या, पण दोन्ही वाचून मला घाबरायलाच झालं. 'लिहाफ' मधली बेगम आपल्याला एका घाबरलेल्या लहान मुलीच्या डोळ्यांनी दिसते. तेंडुलकरांची मित्रा शेवटी जगत नाही. मी शोधत होते ती बाई वेगळी होती. पन्नाशीची, चष्मा लावलेली, भाजी निवडत बसलेली, जिला काहीही झालेलं नाही अशी. तशी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

कॉलेजचं फार सांगत नाही. सांगलीला इंजिनीअरिंग केलं. हॉस्टेलवर एक मैत्रीण होती. सुट्टीत ती गावी गेली की मला ताप यायचा, खरोखरचा, थर्मामीटरवर दिसणारा. डॉक्टरांनी दोनदा टायफॉइडची तपासणी केली. आज हसू येतं. तेव्हा आम्हा दोघींनाही यात काही विशेष वाटलं नाही. मैत्रिणी असतातच अशा, असं सगळे म्हणायचे.

२०११ मध्ये पुण्यात नोकरी लागली. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये निकाह झाला. स्थळ चांगलं होतं. तोही इंजिनीअर, शांत, सभ्य, घरकाम करणारा. निकाहनंतर तीन आठवड्यांनी, ११ डिसेंबरला, सुप्रीम कोर्टानं ३७७ कलम कायम ठेवलं. दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल त्यांनी फिरवला. ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बातमी होती. मला आठवतंय, मी पोहे खात होते आणि मनात आलं, बरं झालं, माझा याच्याशी संबंध नाही. कुणीही विचारलेलं नसताना स्वतःला असं सांगावंसं का वाटलं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

२०१६ मध्ये मुलगी झाली. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ३७७ मधून प्रौढांचे संमतीनं होणारे संबंध वगळले, तेव्हा ऑफिसच्या लॉबीत सप्तरंगी पताका लागल्या, केक कापला. मी केक खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन वीस मिनिटं रडले. मुलगी रात्री झोपू देत नव्हती, म्हणून थकवा आला असेल असं ठरवून टाकलं. मी हुशार विद्यार्थिनी होते. स्वतःला पटेल असं कारण शोधणं मला छान जमायचं.

मग लॉकडाऊन आला. टीममधली एक सहकारी नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेली. आमच्यात काहीही नव्हतं, ती आजही अनभिज्ञ आहे. पण मी दोन महिने जेवले नाही म्हटलं तरी चालेल. एका रात्री नवरा म्हणाला, "सहकाऱ्यासाठी कुणी एवढं रडतं का?" त्यानं टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि त्याच्या त्या साध्या प्रश्नानं मला कळलं.

सहा-सात महिने मी गप्प राहिले. वाचत राहिले, एका समुपदेशक बाईंशी ऑनलाइन बोलत राहिले. २०२१ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी त्याला सांगितलं. तो दूध आणतो म्हणून बाहेर गेला. दोन तासांनी परतला तेव्हा हातात दूध नव्हतं. दाराशीच उभं राहून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

चुकलं नव्हतं. या सगळ्यातलं सर्वांत अवघड हेच आहे आणि यासाठीच मी आज आले आहे.

आम्ही वर्षभर प्रयत्न केला. एका घरात, वेगळ्या खोल्यांत. तोही कोमेजत चालला होता. तेहतीस-चौतीस वर्षांचा माणूस, आपल्या बायकोला आपण हवेसे वाटत नाही हे रोज बघत जगतोय. शेवटी मी खुला मागायचं ठरवलं आणि मिरजेला घरी बैठक बसली. मामू, चुलते, फुफू, अम्मी. अब्बा त्याआधीच गेले होते. फुफूंनी एकेक प्रश्न विचारले.

"मारता क्या?"

नाही.

"पीता क्या?"

नाही.

"बाहर कोई है क्या?"

नाही.

"खर्चेकू नै देता क्या?"

देतो. माझ्यापेक्षा जास्त देतो.

मग फुफूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "फिर क्या होना तेरेकू?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे वकील मैत्रिणीबरोबर १९३९ चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा वाचला, तर तिथेही फुफूच भेटल्या. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची शिक्षा, क्रूर वागणूक, अशी कारणांची यादी आहे. कायदा चांगलाच आहे, त्यानं हजारो बायका सुटल्या. पण यादीतली बहुतेक कारणं नवऱ्याच्या दोषातून, नाही तर निदान त्याच्या आजारातून येतात. नवरा चांगला आहे आणि तरीही मला इथं राहता येत नाही, याला कलम नाही.

खुल्यासाठी मिरजेच्या काझीसाहेबांकडे गेले. वयस्कर गृहस्थ, ऐकायला कमी येतं. मी मोठ्यानं म्हटलं, "त्यांच्या वागण्यात दोष नाही, दीनमध्येही नाही. मी राहू शकत नाही." मला वाटलं, हाकलून देतील. ते काही वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, असंच एक बाई आधीही म्हणाल्या आहेत. मग त्यांनी साबित बिन कैस यांच्या बीवीचा किस्सा सांगितला. सही बुखारीत आहे. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की मला साबितच्या स्वभावात किंवा धर्माचरणात खोट दिसत नाही, पण मला त्याच्याबरोबर राहायचं नाही. पैगंबरांनी तिला का म्हणून विचारत बसवलं नाही. विचारलं एवढंच, की त्यानं मेहरमध्ये दिलेली बाग परत करशील का? ती हो म्हणाली. साबितला सांगण्यात आलं, बाग घे आणि तिला मोकळं कर.

मी लहानपणापासून मदरशात गेले, इतक्या तकरिरी ऐकल्या, हा किस्सा मला तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळला. तुमच्यातल्या किती जणींना माहीत होता, हात वर करा. चार-पाच. बघा.

इथं एक कबुली द्यायला हवी. काझीसाहेबांना मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो किस्सा त्यांनी सांगितला असता की नाही, मला माहीत नाही. माझी मेहर पंचवीस हजार होती, ती परत केली. नंतर कुटुंब न्यायालयातून रीतसर कागद करून घेतला. जुलै २०२२.

ती बैठक सुरू होती त्याच दिवसांत, ३१ मे २०२२ ला, केरळ हायकोर्टानं आदिला आणि नूरा या दोन मुलींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली. नूराला घरच्यांनी जबरदस्तीनं नेलं होतं, आदिला कोर्टात गेली. दोघी मुस्लीम, दोघी विशीतल्या. मी मिरजेच्या घरात मोबाईलचा आवाज बंद करून ती बातमी बघत होते. तुम्हाला वाटेल, मला बळ आलं असेल. नाही. मला भयंकर मत्सर वाटला. त्यांना त्यांची विशी मिळाली होती. माझी मी टायफॉइडच्या तपासण्यांत घालवली. हा राग अजूनही मधूनच येतो. पण ती दहा वर्षं वेगळी गेली असती तर माझी लेक नसती, म्हणून तो राग धड पुरा करताही येत नाही. तो तसाच राहतो.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं, रागावू नका. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्या सात जणी उभ्या राहिल्या नसत्या, तर मी आज या माईकसमोर नसते. २२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक रद्द झाला, त्याच्यामागे पन्नास वर्षांची ती वाट आहे. पण त्या वाटेवर आपल्याला एक सवय लागली. आपल्या व्यासपीठावर येणारी बाई पीडित लागते. तिच्यावर काहीतरी झालेलं असावं लागतं. ती रडली की आपल्याला तिची बाजू कळते. मी अशा शिबिरांना पूर्वी श्रोता म्हणून आलेय. मागच्या रांगेत बसून विचार करायची, मला तर कुणी मारलं नाही, मी इथं कुठल्या तोंडानं उभी राहू? ज्या बाईला काहीही झालेलं नाही आणि तरी वेगळं आयुष्य हवं आहे, तिला फुफू जे विचारतात तेच आपणही वेगळ्या भाषेत विचारतो. "मग तुझी अडचण काय आहे?"

धर्माचं विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते. बहुसंख्य उलेमांचं मत माझ्या विरोधात आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हजरत लूत यांच्या कौमचा किस्सा सगळे सांगतात. स्कॉट सिराज अल-हक कूगल यांच्यासारखे अभ्यासक तो किस्सा बळजबरीचा आणि पाहुण्यांवरच्या अत्याचाराचा आहे असा अर्थ लावतात. त्यांचं या विषयावरचं पुस्तक २०१० मध्ये आलं. मी दोन्ही बाजू वाचल्या. वाचून माझा प्रश्न सुटला नाही, खरं सांगते. मी नमाज पढते, रोजे ठेवते. बाकीचा हिशेब त्याच्यासमोर होईल. तोवर कुणी मध्ये उभं राहून तो करू नये, एवढंच म्हणणं आहे. आणि हे म्हणणं किती महाग पडू शकतं, याची मला कल्पना आहे. दक्षिण आफ्रिकेत मुहसिन हेन्ड्रिक्स नावाचे इमाम होते, उघडपणे समलैंगिक. १५ फेब्रुवारी २०२५ ला त्यांना गोळ्या घातल्या. त्या रात्री मी झोपले नाही. माझं नाव छापू नका म्हटलंय, त्यात हेही एक कारण आहे.

आता चांगलं सांगते. मघापासून त्याचीच वाट बघतेय.

खुल्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात, एप्रिल २०२३ मध्ये, मी पोहायला शिकायला गेले. महापालिकेचा तलाव, दुपारी बायकांची बॅच. मिरजेत कृष्णा आहे, पण नदीवर पोहायला मुलगे जायचे, आम्ही काठावर कपडे सांभाळत बसायचो. चौतिसाव्या वर्षी कमरेइतक्या पाण्यात दांडा धरून पाय मारत होते आणि माझ्या शेजारी एक पन्नाशीची बाई तोच दांडा धरून तेच करत होती. दोघींच्याही नाकात पाणी जात होतं. शिकवणाऱ्या मॅडम आम्हाला सात-आठ वर्षांच्या पोरींसमोर रागवायच्या. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "तुम्ही तरी तरुण आहात हो, मला हे का सुचलं कुणास ठाऊक."

ती बँकेत आहे. अजून नोकरीत, म्हणून नाव घेत नाही. लग्न केलं नाही, बावीस वर्षं आईचं आजारपण काढलं. आई गेल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर पोहण्याचा क्लास लावला. तिच्याकडेही शब्द नव्हता. तिला वाटायचं, आपल्याला 'त्यात रस नाही'. पन्नास वर्षं तिनं स्वतःला असंच समजावलं होतं. माझ्यापेक्षा ती हुशार, कारण मला थकव्याचं, टायफॉइडचं निमित्त लागायचं, तिनं एका वाक्यात आयुष्य काढलं.

जूनच्या शेवटी पाऊस लागला, बॅच संपली, आणि आम्ही चहाला भेटत राहिलो. कुणी कुणाला काय म्हणालं ते सांगणार नाही, थोडं आमच्यासाठी ठेवते. पण एवढं सांगते की पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाचा तरी फोन येईल म्हणून मोबाईल उशीशी घेऊन झोपणारी बाई मी पाहिली आहे. सोळा वर्षांच्या मुलीसारखी नाही, त्याहून छान. तिला माहीत असतं की आपण काय करतोय आणि त्याची किंमत किती आहे. रविवारी सकाळी ती पेपर मोठ्यानं वाचते, मी चपात्या करते, माझी लेक शब्दकोडं सोडवते. मी शोधत होते ती चष्मेवाली बाई हीच. भाजी मात्र निवडत नाही, तो तिचा दोष.

घर शोधताना मजा झाली. आम्ही घाबरलो होतो की दोन बायका म्हटल्यावर लोक काय विचारतील. कुणीही काही विचारलं नाही. "दोघी लेडीज? उत्तम, शांतता राहील," असं तीन मालकांनी म्हटलं. मग मी आधार कार्ड दिलं आणि तिघांनाही अचानक आठवलं की भाचा राहायला येणार आहे. आमचं नातं कुणाला दिसलंच नाही. आडनाव दिसलं. शेवटी भाडेकरार तिच्या एकटीच्या नावानं झाला. उलट समलिंगी मित्रमैत्रिणींच्या एका गटात गेले, तर तिथं एकानं विचारलं, "तू अजून रोजे ठेवतेस? कसं काय?" माणसाला बसायला जागा हवी असते हो, प्रत्येक ठिकाणी एक पाय बाहेरच.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल आम्ही दोघींनी रजा टाकून ऐकला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन. ती म्हणाली, "दोन तर आहेत." मी चिडले होते, तिच्या या हिशेबावर आणखी चिडले.

मग पुढच्या ऑगस्टमध्ये, २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं आणि पाठोपाठ अर्थ मंत्रालयानं खुलासा केला की समलिंगी जोडीदारांना एकत्र खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. तो कागद तिच्या शाखेत तिच्याच टेबलावर आला. हाताखालच्या लोकांना तिनंच समजावून सांगितला. एक तरुण क्लार्क म्हणाला, "मॅडम, आपल्या शाखेत कोण येणार असलं खातं काढायला?" ती म्हणाली, "आलं तर अदबीनं वागायचं." संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. आम्ही खातं काढलं, दुसऱ्या बँकेत. माझ्या कामात मात्र अजून अडलंय. विम्याच्या अर्जात 'नातं' या रकान्यात जी यादी उघडते, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, इतर, ती काही वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. 'इतर' मीच शेवटी टाकलं होतं.

अम्मीचं राहिलं.

अम्मीला मी खुल्यानंतर दीड वर्षानं सांगितलं, रमजान नव्हता हे बघून. ती म्हणाली, "मेरेकू कुछ सुनाई नै दिया," आणि पुढे वर्षभर खरोखरच ऐकू न आल्यासारखी वागली. रोज फोन करायची. जेवलीस का, मुलगी काय करते. 'ती' या विषयाभोवती फिरून बोलणं पुढे न्यायची. मी त्यात भांडले नाही. भांडायला हवं होतं असं काही मैत्रिणी म्हणतात.

यंदा जानेवारीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथं डॉक्टरांना तोटा नाही, पण भावाची बदली झालेली, बघायला कुणी नाही. म्हणून ती पुण्याला आली, पाच आठवडे राहिली. ऑपरेशननंतर दिवसातून चार-सहा वेळा थेंब घालायचे असतात. माझा हात थरथरतो. तर ते काम तिनं घेतलं, बँकेत जाण्याआधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवर येऊन, परत रात्री. अम्मी मान वर करून, डोळा उघडा धरून बसायची. तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर हिचा चेहरा. पहिले आठ दिवस दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, अम्मी विचारत होती, "मॅडम, तुम्हारी माँ को कौन डालता था?" ती म्हणाली, "मीच घालायचे, अम्मी." ती अम्मी कधीपासून म्हणायला लागली, मलाही माहीत नव्हतं.

जायच्या आदल्या रात्री अम्मी मला म्हणाली, "मैं तेरे लिए माफी मांगती हूँ, हर नमाज में. वो मैं नै छोडने की." मी म्हटलं, नको सोडू. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू हसती अब. पहले नै हसती थी."

मान्य केलं असं मी म्हणणार नाही. तिनंही म्हटलेलं नाही. ईदला शिरखुर्म्याचे दोन डबे आले, एकावर चिठ्ठी होती, 'मॅडम, शक्कर कम'. तिला मधुमेह आहे हे अम्मीच्या लक्षात होतं. बकरीदला फुफू आमच्याकडे येऊन गेल्या. घर बघितलं, दोन खोल्या बघितल्या, काही बोलल्या नाहीत. निघताना चपला घालताना मला हळूच म्हणाल्या, "मैं तेरेकू पूछी थी, क्या होना. तू बोली नै थी." मी म्हटलं, "फुफू, तब मालूम नै था." त्यांनी मान हलवली. त्यांचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, फुफा वारले त्याला वीस वर्षं झाली. त्यांना कुणी कधी तो प्रश्न विचारला होता का, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण रिक्षा आली होती.

मुलीच्या अब्बूंबद्दल एक सांगायचं राहिलं. खुल्याच्या वेळी त्याला अनेकांनी सल्ला दिला, कोर्टात खरं कारण सांग, मुलगी तुला मिळेल. त्यानं सांगितलं नाही. मुलगी आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे, तीन त्याच्याकडे असते. गेल्या वर्षी त्यानं दुसरा निकाह केला, नवरी मुलगी माझ्या लेकीला अभ्यासाला घेऊन बसते. या भाषणाबद्दल मी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, "माझ्याबद्दल काय सांगणार?" मी म्हटलं, दोष नव्हता असं. तो म्हणाला, मग सांग.

आज लेक त्याच्याकडे आहे, सहा वाजता आणायला जायचंय. म्हणून प्रश्नांना अर्धा तास आहे. कुणाला सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर चहाच्या वेळी मी त्या खिडकीपाशी उभी असेन.